शेवट ठाऊक नसताना

रद्दीवाल्याकडून जुन्या इंग्रजी मोटार-मासिकांचा गठ्ठा घेऊन आलो, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "लोक रद्दी देऊन पैसे आणतात!" मग वरचा अंक उलटून, "हा कोण?"

"फ्रँक विल्यम्स. फॉर्म्युला वनच्या शर्यतींतला संघमालक."

"अहो, पण तुम्हांला साधी स्कूटर येत नाही!"

खरं आहे. पण संघमालकाचं कामही गाडी चालवण्याचं नसतं, दुसऱ्याकडून चालवून घेण्याचं असतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

हा माणूस मोठा झाल्यानंतरचे लेख मी पुष्कळ वाचले होते. बिल थकून फोन तुटला, तर हा गडी रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनवरून कारभार हाकायचा, ही हकिगत तिथे ध्रुवाच्या तपश्चर्येसारखी येते. कारण पुढचं सगळ्यांना पाठ असतं. 1977 मध्ये पॅट्रिक हेडला जोडीला घेऊन डिडकॉटमधल्या गालिच्यांच्या जुन्या गोदामात नवा संघ, 1979 मध्ये सिल्व्हरस्टोनला पहिला विजय, पुढल्याच वर्षी जगज्जेतेपद, 1999 मध्ये 'सर'! आमचाही फोन एकदा बिलापायी तुटला होता. मला काही कुणी ध्रुव म्हटलं नाही.

सुरुवातीच्या लेखांचं बरं असतं. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो. तिथे कर्ज म्हणजे नुसतं कर्ज आणि हट्ट म्हणजे हट्टच. त्याला चिकाटी म्हणायची सोय अजून झालेली नसते.

आणि तिथेच खरा प्रश्न उभा राहतो. 21 जून 1970 ला झांडवूर्टच्या शर्यतीत विल्यम्सच्या संघाची गाडी चालवताना पिअर्स करेज गेला. गाडी पेटली होती. करेज नुसता ड्रायव्हर नव्हता, जिवलग मित्र होता. विल्यम्स थांबला नाही. 1986 मध्ये स्वतःच मोटार-अपघातात सापडून जन्माचा चाकांच्या खुर्चीला खिळला, तरी नाही. 1994 मध्ये इमोलाला त्याच्याच गाडीत आयर्टन सेना गेला, तरीही नाही. याला धीर म्हणायचं, की काळजाचा दगड?

संघाची नऊ अजिंक्यपदं मोजून उत्तर देणं सोपं आहे. पण 1970 च्या अंकापाशी थांबून द्यायचं झालं, तर जीभ अडखळते. अडखळावीच. कारण थांबायचं नाही असं ठरवलं, तेव्हा शेवट त्यालाही ठाऊक नव्हता. पुढची पदकं हे त्या निर्णयाचं फळ असेल, समर्थन नव्हे. तो निर्णय चूक असेल तर जिंकूनही चूक, आणि बरोबर असेल तर दिवाळं निघालं असतं तरी बरोबर.

एवढं तत्त्वज्ञान झाल्यावर मी उठलो आणि कोपऱ्यावरच्या वाण्याची तीन महिन्यांची उधारी चुकवून आलो. माझ्या चरित्राचा शेवट त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक आहे?