कावा आणि अंमल

वानुआतूच्या खेड्यांत सूर्य कलला की माणसं नाकामालमध्ये, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, जमू लागतात. मिरीच्या कुळातल्या एका झुडपाचं मूळ कांडून पाण्यात पिळतात आणि ते मातकट पाणी नारळाच्या करवंटीतून एका दमात पितात. हाच कावा. चव कडू. टोंगाच्या भाषेत ‘कावा’ या शब्दाचा अर्थच कडू असा आहे. लवंग दाढेखाली धरल्यावर होतात तसे जीभ आणि ओठ बधिर होतात, मग अंग सैलावतं. दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात, बोलणं हळू आवाजात चालतं. दारूच्या गुत्त्यावरचा गलका इथे नसतो.

या पेयावर अमली पदार्थ असा शिक्का मारावा का, हा वाद कावा पॅसिफिकबाहेर पोहोचला तेव्हापासून चालू आहे. माझं उत्तर ‘मारू नये’ असं आहे. कावा निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातला अर्नहेम लँड पाहावा, त्याबद्दल पुढे लिहितो. पण आधी शब्दाकडे पाहिलं पाहिजे.

‘नार्कोटिक’ हा शब्द ग्रीक ‘नार्के’वरून आला. त्याचा अर्थ बधिरता. हा अर्थ प्रमाण मानला तर जीभ बधिर करणारा कावा यादीत बसेल आणि माणसाला तासन् तास जागं ठेवणारं कोकेन यादीबाहेर जाईल. कायद्यांत नेमकं उलट आहे. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात अफू आणि कोकाची पानं एकाच व्याख्येत आहेत. गांजाचे फुलोरे त्यात येतात, त्याच झाडाची नुसती पानं येत नाहीत, म्हणून भांग सुटते. दारू आणि तंबाखू तर या चौकटीत कधी आलेच नाहीत. ही विभागणी प्रयोगशाळेत झालेली नाही. कोणत्या समाजाची सवय कोणाच्या डोळ्यांत खुपली, यावर ती बरीचशी ठरली.

मराठीतला शब्द याबाबतीत फार सूचक आहे. दारूचा अंमल चढतो आणि इंग्रजांचा अंमलही असतो. पदार्थ माणसावर जी सत्ता गाजवतो तिला आणि सरकार माणसावर जी गाजवतं तिला आपण एकच नाव दिलं. कावाच्या इतिहासात हे दोन्ही अंमल एकमेकांसमोर उभे राहिलेले दिसतात.

वानुआतूतल्या तान्ना बेटावर प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या चालीरीतींबरोबर कावावरही बंदी घातली. १९४० च्या आसपास जॉन फ्रम नावाच्या गूढ पुरुषाभोवती तिथे चळवळ उभी राहिली. चर्च सोडा, नाच आणि कावा परत आणा, असं तिचं सांगणं होतं. ब्रिटिश-फ्रेंच सत्तेने पुढाऱ्यांना पकडलं. ज्या पेयासाठी माणसं तुरुंगात गेली, ते १९८० मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर राष्ट्रीय ओळखीची खूण ठरलं. त्याला अमली पदार्थ म्हणायचं तर या इतिहासाला सामोरं जावं लागेल.

फिजीत पाहुणा गावात आला की कावाची मुळी गावच्या प्रमुखापुढे ठेवतो. या विधीला ‘सेवुसेवु’ म्हणतात. आपल्याकडे विडा-सुपारी देऊन जे साधतं त्याच्या हे फार जवळचं आहे, आणि हे साम्य वरवरचं नाही. कावा आणि विड्याचं पान एकाच ‘पायपर’ प्रजातीतल्या वनस्पती आहेत. ते नावसुद्धा आपल्या पिप्पलीवरूनच युरोपात गेलं. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटवर, म्हणजे मजुरीच्या करारावर, फिजीला नेलेल्या भारतीयांच्या वंशजांनीही हे पेय आपलंसं केलं. ते त्याला ‘ग्रॉग’ म्हणतात.

आता अपायाबद्दल. कावातली कावालॅक्टोन नावाची द्रव्यं मुख्यतः मेंदूतल्या ‘गाबा’ या शांतवणाऱ्या यंत्रणेवर काम करतात, अफूच्या मार्गाने जात नाहीत. अफू सोडताना होणारी तडफड, श्वास मंदावून येणारा मृत्यू, हे चित्र इथे दिसत नाही. धोका वेगळा आहे. १९९० च्या दशकात युरोपात कावा गोळ्यांच्या रूपात चिंतेवरचं औषध म्हणून विकला जात होता. त्यांतले अर्क बहुधा अल्कोहोल किंवा अॅसिटोन वापरून काढलेले असत. यकृत निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २००२ मध्ये जर्मनीने परवाने काढून घेतले. २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ही बंदी अवाजवी ठरवली, पुढे सरकारने ती पुन्हा लादली. दरम्यान बेटांवरच्या शेतकऱ्यांची बाजारपेठ गेली. करवंटीतून पिण्याची शतकांची परंपरा आणि कारखान्यातली गोळी यांत फरक करायला कोणी थांबलं नाही. वानुआतूने मात्र निदान वाणावाणांत फरक केला. तिथल्या २००२ च्या कावा कायद्याने फक्त उत्तम प्रतीच्या, ‘नोबल’ म्हणवल्या जाणाऱ्या वाणांच्या निर्यातीला वाट दिली आणि ज्यांची सुस्ती दोन दिवस उतरत नाही अशी ‘टूडे’ वाणं अडवली. मला हा खरा शहाणपणा वाटतो.

अर्नहेम लँडमध्ये १९८० च्या दशकात कावा दारूला पर्याय म्हणून आला. तिथल्या आदिवासी वस्त्यांत ना विधी होता ना मर्यादा. माणसं दिवसभर पिऊ लागली, वजनं घटली, कातडी कोरडी पडून खवले धरले, यकृताच्या तपासण्या बिघडल्या. हे दुःख खरं आहे आणि कावाच्या बाजूने बोलणाऱ्याने ते लपवू नये. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाने व्यापारी आयात थांबवली, तर काळा बाजार फोफावला. डिसेंबर २०२१ पासून आयात पुन्हा सुरू झाली, पण नॉर्दर्न टेरिटरीत निर्बंध राहिले. हा मार्ग मला पटतो: जिथे जखम आहे तिथे बंधन, सगळ्यांवर कलंक नको.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा बंद केला तो अन्नसुरक्षेच्या कायद्याने, अमली पदार्थांच्या नव्हे. पदार्थ घातक असू शकतो, त्याच्यावर कडक कारवाई होऊ शकते, आणि तरी तो अमली पदार्थ नसतो. कावाच्या पुडीवर वाण छापावं, मुळीच्या कोणत्या भागापासून ती बनली ते छापावं, रोजची मर्यादा छापावी. दारूबरोबर घेऊ नका, गरोदरपणी घेऊ नका, यकृताचा आजार असेल तर घेऊ नका, पिऊन गाडी चालवू नका, हे ठळक अक्षरांत छापावं. ‘अमली पदार्थ’ हे दोन शब्द तिथे छापू नयेत.