अर्पणाची थैली पडद्यावर

शंका : आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मंडळीच्या तरुण संघातली मुलं. लॉकडाउनमध्ये देऊळ बंद होतं, तेव्हा पाळकसाहेबांचा संदेश मोबाइलवर टिपून यूट्यूबवर टाकायला लागलो. पुढे गाणी आली, वचनाचे छोटे व्हिडिओ आले, संडे स्कूलच्या पोरांसाठी गोष्टी आल्या. आता गाडी अडली आहे. बघणारे तेच ते. मध्यंतरी बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी सांगितलं, की आजारातून बरे झालेल्यांच्या साक्षी टाका, शेवटी ‘विश्वास असेल तर आमेन लिहा’ म्हणा, आणि प्रार्थना चालू असताना खाली क्यूआर कोड ठेवा. दान दिलं की प्रार्थना लवकर फळते हे लोकांना कळू द्या. संघात दोन तट पडलेत. सेवा वाढवायची तर हे करावं का?

समाधान : सलाम. क्यूआर कोडाचं आधी बघू, कारण तट त्याच्यावरूनच पडले असणार.

या बाबतीत मी एका छोट्या जुन्या पुस्तिकेचं ऐकतो. ‘दिदाखे’, म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला ती लिहिली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. कित्येक शतकं ती हरवलीच होती. 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूंच्या हाती तिचं हस्तलिखित लागलं. तेव्हाच्या मंडळ्यांपुढेही तुमचाच प्रश्न होता. गावोगाव फिरणारे प्रचारक दारात येत. खरा कोण, पोटभरू कोण, हे ओळखायचं कसं? पुस्तिका मोठी तात्त्विक चर्चा करत नाही, सरळ हिशेब सांगते. आलेल्याला एक दिवस ठेवून घ्या, गरज असेल तर दुसराही. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या नावाखाली ‘मला पैसे द्या’ म्हणणाऱ्याचं तर ऐकूच नका. मात्र तो दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल, तर त्याला दोष लावू नका.

तेव्हा क्यूआर कोडात पाप नाही. कोणासाठी आणि कोणत्या क्षणी, एवढंच बघायचं. आपल्या उपासनेतही अर्पणाची थैली फिरते. पण ती गाणं चालू असताना, सगळ्यांपुढून, रांगेनं फिरते. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना चालली आहे आणि त्याच वेळी पंचांपैकी कोणी त्याच्या बायकोपुढे थैली हलवतोय, असं तुमच्या मंडळीत झालं तर दुसऱ्या दिवशी पंचकमिटी बसेल. पडद्यावर नेमकं हेच होतं, आणि कोणाला काही वाटत नाही. ज्याचं पोर दवाखान्यात आहे, तो त्या क्षणी काहीही देईल. त्याला त्या क्षणी गाठणं हीच यातली युक्ती आहे.

आणि ‘दान दिलं की प्रार्थना फळते’? आपल्या आधीच्या पिढ्यांनी नवसाला, दक्षिणेला, अंगाऱ्या-धुपाऱ्याला नावं ठेवण्यात कितीतरी शाई खर्च केली. आज आपल्यातलेच लोक आशीर्वादित तेलाच्या बाटल्या विकतात, प्रार्थनेचे रुमाल कुरिअरनं पाठवतात, ‘बीज पेरा, शंभरपट कापा’ म्हणून बँकेचा तपशील वाचून दाखवतात. बाटली बदलली, गिऱ्हाईक तेच : कर्जात बुडालेला, मूल नसलेली, नोकरी गेलेला. असल्या प्रचारकांना मोठ्या मंडपात समोरच्या खुर्चीवर बसवणारे पाळकही यात निर्दोष नाहीत. पाहुण्याच्या नावानं गर्दी जमते, अर्पण वाढतं, म्हणून हे खपवून घेतलं जातं. तुमच्या संघातल्या ज्या पोरांनी नको म्हटलं, त्यांना माझा निरोप सांगा : बरोबर केलंत.

खर्च असतोच. माइक, दिवे, संपादन, नेटचा रिचार्ज यांना पैसे लागतात, आणि मंडळीनं ते उचलावेत. एका जागी राहून शिकवणाऱ्याला अन्न मिळालं पाहिजे, हेही तीच पुस्तिका सांगते. मग मागा, उघड मागा, पण वेगळ्या व्हिडिओत, वर्षातून एकदा-दोनदा, कशासाठी आणि किती ते सांगून. पैसे कोणाच्या खासगी नंबरावर नकोत. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यात यावेत आणि वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जावा. परदेशातून कोणी देऊ लागलं तर जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे वेगळे आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला परकीय निधी कायद्याची नोंदणी लागते, आणि तो निधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. देणारा आपला मावसभाऊ आहे, हे कारण तिथे चालत नाही.

आता साक्षी. मार्काच्या पहिल्याच अध्यायातला कुष्ठरोगी आठवा. प्रभूनं त्याला बरं केलं आणि बजावलं की कोणाला सांगू नकोस. जा, याजकाला दाखव. म्हणजे आधी तपासून घे. तो मात्र गावभर बोलत सुटला, आणि परिणाम काय, तर प्रभूलाच गावात उघडपणे जाता येईना. बरं होण्याच्या बातमीचं काय करायचं याबद्दल याहून स्पष्ट सूचना मला माहीत नाही, आणि आपण तिच्या नेमकं उलट वागतो. ‘शुगर गेली, गोळ्या फेकून दिल्या’ असं सांगणारे व्हिडिओ पाहिले की माझं डोकं फिरतं. या समाजात 1894 साली मिरजेत डॉ. वानलेस यांनी रुग्णालय उभं केलं. आपल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या नर्स झाल्या. आणि आपणच आता औषध सोडायला सांगतो? कायदाही आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, चमत्काराचा प्रचार करून लोकांना फसवणं हे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. मधुमेह, कर्करोग यांवर चमत्कारी इलाजाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं मनाई आहे. ‘आमचा इलाज नव्हे, प्रार्थना आहे’ ही पळवाट पोलीस ठाण्यात किती टिकेल ते वकिलाला विचारा. देवापुढे टिकणार नाही.

दुसरी गोष्ट या साक्षींत कोणी बघत नाही. एखादी बहीण उभी राहून नवऱ्याची दारू, सासरची मारहाण, मुलाचं वेड असं सगळं सांगते. चार भिंतींत, ओळखीच्या पंचवीस माणसांत ती बोलते तेव्हा मोकळी होते. तेच यूट्यूबवर गेलं की लेकीच्या शाळेत पोचतं, सोयरिकीच्या बोलण्यात निघतं. तिनं त्या दिवशी ‘टाका की’ म्हटलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. आठवड्यानं पुन्हा विचारा, घरी जाऊन विचारा, व्हिडिओ आधी तिला दाखवा. शंका असेल तर टाकू नका.

‘आमेन लिहा’बद्दल थोडक्यात. प्रचारक मूर्ख नाहीत. प्रतिक्रिया वाढल्या की व्हिडिओ जास्त लोकांपुढे जातो, हे खरंच आहे. पण ‘विश्वास असेल तर’ म्हणजे न लिहिणाऱ्याचा विश्वास नाही? ही धमकी आहे. सोडून द्या.

मग वाढायचं कसं? 1842 साली नगरला ‘ज्ञानोदय’ निघाला तेव्हा त्यात नुसतं धर्मवचन नव्हतं. विज्ञान होतं, सामाजिक सुधारणेचे वाद होते. ज्यांना ख्रिस्ताशी काही देणंघेणं नव्हतं तेही तो वाचत. त्याच्याही आधी, 1616 साली, गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, ते ओवीत. रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून सगळं बायबल बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं. ते 1924 साली, त्यांच्या मागे छापून पूर्ण झालं. आणि आज आपले मराठी चॅनेल काय करतात? हिंदी आराधनेची चाल, इंग्रजी संदेशाचं ओढूनताणून केलेलं भाषांतर, मागे धूर आणि निळे दिवे. असलं दुसरीकडे याहून चांगलं मिळतं, मग तुमच्याकडे कोण येईल?

तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही. कापणीच्या सणाला देवळात मांडलेली बाजरी, ज्वारी, कोंबडे आणि त्यांचा लिलाव. ख्रिस्ती कीर्तन अजून येणारे दोन-चार म्हातारे, झांजा वाजवत भजन म्हणणाऱ्या आज्या. जुन्या बायबलबाया पायी कोणत्या वाड्यावस्त्यांवर जात, ते आठवणारी माणसं. हे टिपा. पुण्याला, चाकणला कामाला गेलेली पोरं, आखातात नर्स असलेल्या आपल्या मुली हे बघतील, कारण त्यात त्यांचं गाव आहे. दुष्काळावर, जातीच्या दाखल्यावर, ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाकारणाऱ्या 1950 च्या आदेशावर एखादा जाणता माणूस बोलवा. पाळकसाहेबांचा तासाचा संदेश पूर्ण टाकू नका. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. त्यातली चांगली आठ मिनिटं काढा.

यूट्यूबवर जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तास पाहणं लागतं. हा आकडा संघाच्या फळ्यावर ध्येय म्हणून लिहिलात की पुढचा प्रत्येक निर्णय तोच घेईल. त्यापेक्षा एक काम नेमून द्या : रात्री एक वाजता कोणी प्रतिक्रियेत ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ लिहिलं, तर सकाळी त्याला उत्तर कोण देणार, आणि तो तालुक्यातला निघाला तर त्याच्या घरी कोण जाणार? तेवढी माणसं तुमच्याकडे नसतील, तर चॅनेल आत्ता वाढलं नाही हेच बरं.

शंका : गुडघ्यांमुळे मला देवळात जाता येत नाही. नातू मोबाइलवर उपासना लावून देतो. प्रभुभोजनाच्या वेळी समोर पाव आणि द्राक्षरस ठेवून मीही घेतला तर चालेल का?

समाधान : आजी, याबद्दल मंडळ्यांत एकमत नाही. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, असं कॅथलिक चर्चनं 2002 सालीच स्पष्ट सांगितलं. लॉकडाउनमध्ये काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी घरोघरी घेण्याची मोकळीक दिली. माझ्या मते तुमचा प्रश्न मोबाइलचा नाहीच. आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन नेणं हे पाळकांचं काम आहे. नातवाला सांगा, व्हिडिओ बंद कर आणि पाळकसाहेबांना फोन लाव. ते वेळ नाही म्हणाले, तर मला कळवा.

शंका : ‘उपासना संगीता’तली गाणी गाऊन चॅनेलवर टाकली तर कॉपीराइटचा त्रास होतो का?

समाधान : भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. रेव्हरंड टिळक 1919 साली वारले, म्हणजे त्यांचे शब्द केव्हाच मोकळे झालेत. चाल नवी असेल तर तिचा हक्क संगीतकाराचा. दुसऱ्यानं ध्वनिमुद्रित केलेलं गाणं उचलून त्यावर आपलं चित्र लावलंत, तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळू शकतात. बायबलचंही तसंच : रमाबाईंचं भाषांतर बिनधास्त वाचा, अलीकडच्या आवृत्त्यांना बायबल सोसायटीची परवानगी मागा. पेटी-तबला घेऊन स्वतः गा.