वस्तूची शुद्धी, माणसाची शुद्धी

राख, क्षार, आंबट द्रव्ये, रिठा, पांढरी मोहरी, माती आणि पाणी ही घरगुती सफाईची साधने मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीच्या निमित्ताने येतात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातही असे प्रकरण आहे. कोणती वस्तू कशाने शुद्ध करायची, हा तिथला विषय. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील व शिसे यांना क्षार, आम्ल आणि पाणी. लोकरी कांबळ्यांना रिठा. जवसाच्या धाग्याच्या वस्त्राला पांढरी मोहरी. मातीचे भांडे पुन्हा भाजायचे, घर झाडून सारवायचे.

या नियमांमागे निरीक्षण आहे. तांब्याच्या भांड्यावरचा काळपट थर मुख्यतः ऑक्साइडचा असतो आणि चिंचेतले टार्टारिक आम्ल तो विरघळवते. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिन पाण्याचा पृष्ठताण कमी करते, त्यामुळे मळ सुटतो. कडक क्षाराने लोकरीचा तंतू बिघडतो, रिठ्याने तसा बिघडत नाही. वस्तू शुद्ध झाली असे कधी म्हणायचे, हेही मनू सांगतो: लागलेल्या घाणीचा वास आणि लेप जाईपर्यंत माती व पाणी वापरावे. नाकाने आणि हाताने कुणालाही पडताळता येणारी ही कसोटी या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

अडचण याच्या शेजारीच आहे. त्याच अध्यायात जन्ममृत्यूचे अशौच येते, आणि चांडाळ, रजस्वला, बाळंतीण यांना स्पर्श झाल्यास स्नान सांगितले जाते. इथे वास नाही, लेप नाही. वस्तूची अशुद्धी धुऊन जाते. चांडाळाची मात्र जन्माला चिकटलेली मानली गेली, आणि कोणतेही द्रव्य ती काढू शकत नाही असे ठरले. दोन्हींसाठी शुद्धीचीच भाषा वापरली गेल्याने दुसऱ्या कल्पनेला पहिलीचा शहाणपणा उसना मिळाला. याचे एक उदाहरण महाडचे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले. मनूचीच वास-लेपाची कसोटी लावली, तर तेव्हा पाणी घाण झाले ते या घागरींनी.

योगसूत्रांत शौच हा पाच नियमांतला पहिला नियम आहे. व्यासभाष्य त्याचे दोन भाग करते: माती-पाण्याने होणारे बाह्य शौच आणि चित्ताचे मळ धुणारे आंतर शौच. मनूही सर्व शौचांत अर्थशौच, म्हणजे पैशाच्या व्यवहारातला प्रामाणिकपणा, श्रेष्ठ मानतो. या दोन्ही ठिकाणी शुद्धी ही स्वतःवर घ्यायची जबाबदारी आहे. दुसऱ्याला दूर ठेवण्याचे ते कारण नव्हे.

आज अनेक घरांत सफाईसाठी लिंबू-मोसंबीच्या सालींपासून बायो-एन्झाइम नावाचा आंबवलेला द्रव बनवतात: गूळ एक भाग, साली तीन, पाणी दहा, आणि आंबायला साधारण तीन महिने. पहिल्या महिन्यात वायू बराच होतो, म्हणून बाटली प्लास्टिकची घेऊन झाकण रोज सैल करावे लागते. तयार द्रव आम्लधर्मी असतो. शहाबादी फरशी चुनखडीची आणि संगमरवरही त्याच जातीचा. दोन्हींवर तो घातल्यास चकाकी जाते. ब्लीचमध्ये तर तो कधीच मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. प्रत्येक द्रव्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे साधन, हा जुना नियम इथेही लागू पडतो.

या सफाईचा धर्माशी खरा संबंध मोरीच्या पलीकडे लागतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मलमूत्र, थुंकी, रक्त आणि विष पाण्यात टाकू नये असा निषेध आहे. तीव्र आम्ल मोरीत ओतणारे घर आतून कितीही लखलखीत असो, त्या निषेधाच्या कक्षेत येते. शिवाय ते पाणी जिथे जाते त्या गटारात अजूनही माणसे उतरवली जातात. धोकादायक रीतीने गटार साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली, तरी मृत्यू थांबलेले नाहीत, आणि उतरणारे बहुतेक त्याच जातींतले असतात ज्यांना शास्त्राने अशुद्ध ठरवले होते.