आपण जिंकलो की हरलो?

१७३९ सालच्या मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाला. शाळेत हा धडा वाचताना आम्ही अभिमानाने म्हणत असू, ‘आपण जिंकलो.’ घरी वडीलधारी माणसे त्याच किल्ल्यातील उद्ध्वस्त चर्चविषयी बोलत, तेव्हा वाटे, ‘आपण हरलो.’ एकाच लढाईत दोन्ही बाजूंना असणारे हे ‘आपण’ कोण?

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. तेव्हाही आणि दोनशे वर्षांनंतरही येथल्या शेतकऱ्याला वा कोळ्याला कोणी विचारले नाही. १७३९ च्या तहानुसार पोर्तुगीज फौज मानाने बाहेर पडली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मोकळीक मिळाली. युरोपीय धर्मगुरू गेले. गोमंतकीय धर्मगुरूंनी कळप सांभाळला. आमचे पूर्वज ना जिंकले ना हरले. ते आपल्या वाडीत, आपल्या श्रद्धेसह आणि आपल्या मायबोलीसह येथेच राहिले.

म्हणून अर्धी आठवण जपणे आम्हांला शोभत नाही. ओस पडलेल्या चर्चचे दुःख सांगायचे, तर पोर्तुगीज अमलात आमच्या हिंदू शेजाऱ्यांची देवळे पाडली गेली, त्यांच्या जाहीर पूजाअर्चेवर बंदी आली, हेही सांगितले पाहिजे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा वसईच्या विजयाची खूण मानली जाते. ती परत मागावी असे आम्हांला वाटत नाही. देवाच्या दारी ती आजही आहे. तिची कथा मात्र पुरी सांगितली जावी, एवढीच आमची अपेक्षा.

कोणी विचारील, पूर्वजांच्या किंवा त्यांच्या राज्यकर्त्यांच्या अपराधाचे ओझे आम्ही का वाहावे? ते पाप आमच्या माथी येत नाही, हे खरे. परंतु त्याविषयीचे मौन आमचेच असते. पापनिवेदनाला गुडघे टेकल्यावर शेजाऱ्याचे दोष सांगायचे नसतात, हे आम्ही लहानपणीच शिकलो. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या सेवेच्या नावाखाली केलेल्या जुलमांबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्यामुळे ख्रिस्तसभा लहान झाली नाही.

मुलांना किल्ला दाखवायला नेताना आम्ही चिमाजी आप्पांच्या स्मारकापाशी आदराने थांबावे आणि पडक्या चर्चमध्ये प्रार्थनाही करावी. ‘आपण जिंकलो की हरलो?’ असे त्यांनी विचारलेच, तर सांगावे, ‘बाळांनो, आपण राहिलो, आणि ज्यांच्या शेजारी राहिलो, तेही आपलेच.’