मनातली बंद खोली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सत्संगानंतर काही माता हळूच विचारतात, "महाराज, लहानपणी सोसलेलं सगळं विसरले होते. आता नामाला बसलं की तेच वर येतं. साधनेत काही चुकतंय का?"

नाही माउली. विहिरीचा गाळ काढायला घेतला की पाणी आधी गढूळच होतं. दोष पाण्याचा नाही, काढणाऱ्याचाही नाही.

संत बहिणाबाईंचं चरित्र आठवा (1628–1700). वेरूळजवळच्या देवगावची लेक. लग्नात वय तीन, नवरा तीस वर्षांचा बिजवर. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला वासरू घेऊन जायच्या. लोक कौतुक करू लागले आणि नवऱ्याने बेदम मारलं. पुढे वासरूही गेलं. त्या दुःखात तुकोबारायांनी स्वप्नात येऊन कृपा केली.

हे आपल्याला कुणी सांगितलं? स्वतः बहिणाबाईंनीच, आपल्या अभंगांत. संसार सोडला नाही, पण मार झाकलाही नाही. शेवटी मागच्या बारा जन्मांची हकीकत मुलाला, विठोबाला सांगितली. आईने सांगितलं, मुलाने ऐकलं. आम्हांला ह्यात दोघांचीही भक्ती दिसते.

आपल्या घरात काय होतं? आई, आत्या, सून काही बोलू लागली की आपण म्हणतो, "झालं गेलं गंगेला मिळालं." "घरची अब्रू जाईल." "क्षमा करून टाक." अहो, क्षमा हे फळ आहे, पिकल्यावर आपोआप गळतं. दुसऱ्याने हुकूम करून क्षमा होत नाही. आणि अब्रू जाते ती अन्याय करणाऱ्याची, सोसणारीची नव्हे.

म्हणून घरच्यांनी एवढं करावं:

🌸 ती बोलेल तेवढंच ऐकावं. खोदून विचारू नये. जुनी आठवण तुकड्यातुकड्यांत येते, तिची उलटतपासणी नको.

🌸 तिच्या परवानगीशिवाय चौथ्या कानावर घालू नये. ह्या ग्रुपवर तर नाहीच.

🌸 झोप उडाली, जीव घाबरा झाला, तर डॉक्टरांकडे न्यावं. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर फोन लावला तरी मदत मिळते. नाम आणि औषध ह्यांचं भांडण नाही.

आणि माउली, तू सांगितलंस म्हणून सद्गुरू दूर जात नाहीत. तू गप्प होतीस तेव्हाही त्यांना ठाऊक होतं.

आजचा नेम: एक माळ जप, आणि घरातल्या एका माउलीजवळ दहा मिनिटं, मोबाईल बाजूला ठेवून.

॥ शुभं भवतु ॥ 🙏