हौसेची जोखीम

माणसाने हौसेपायी ओढवून घेतलेले नुकसान इतरांनी का भरून द्यावे, असे विचारले तर बहुतेक लोक 'का म्हणून?' असेच म्हणतील. माझ्याकडे हा प्रश्न दोन वाटांनी आला. पहिल्या वाटेने आला तेव्हा हे उत्तर पुरेसे वाटले. दुसऱ्या वाटेने आला तेव्हा ते ओठांवर येईना.

पहिली वाट मोटारीची. माझा एक जुना विद्यार्थी दक्षिणेत नोकरीला आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त मार्ग आहे. फी भरली की ठराविक दिवशी स्वतःची गाडी तेथे मनसोक्त हाकता येते. समोर स्पर्धक नाही, बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. एका वळणावर त्याची गाडी कठड्यावर आदळली. त्याला खरचटलेही नाही, पण गाडीचे तोंड पार चेपले. विमा कंपनीने पैसे नाकारले. दिवाळीला आला तेव्हा पॉलिसीचा कागद पुढे करून म्हणाला, "गुरुजी, मी शर्यत लावलीच नव्हती. तुम्हीच सांगा, यात माझ्याविरुद्ध कोणता शब्द आहे?"

कागद मी वाचला. आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या पॉलिसीत गाडीच्या वापराला मर्यादा घातलेल्या असतात. भाड्याने देणे, मालवाहतूक, संघटित शर्यत, दुसऱ्याला वेग ठरवून देण्यासाठी पुढे धावणे, वेगाची चाचणी, गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी इत्यादी कामांसाठी वापर झाल्यास विमा लागू नाही, असे तेथे म्हटलेले असते. 'हौस' हा शब्द त्यात नाही. आता, संदिग्ध शब्दाचा अर्थ तो शब्द लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, असा करारांच्या कायद्यातला जुना संकेत आहे, आणि हुशार वकील त्याचा आधार घेईल. परंतु एखादा मनुष्य खास त्यासाठीच बांधलेल्या मार्गावर जाऊन आपली गाडी कुठवर पळते ते पाहतो, याला वेगाची चाचणी म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? मी त्याला तसे सांगितले. तो हिरमुसला, पण पटल्यासारखे दिसले.

दुसरी वाट बैलाची, आणि ती आमच्या केळापूर तालुक्यातली. येथे एक लहानशी गंमत सांगायला हवी. तालुक्याचे नाव केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्याला. केळापूर म्हणजे जगदंबेच्या देवळाचे गाव. कागदावरचे नाव एक आणि कारभार दुसरीकडे, याची आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. विम्याच्या बाबतीत मात्र ही सवय महागात पडते.

विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट दूरवर प्रसिद्ध आहे. कापूस घरात आला, थंडी पडली, की पटाचे दिवस येतात. झेंडी पडते, धुरकऱ्याची आरोळी उठते आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच जोडी पुढच्या खुणेला भिडलेली असते. जोडीचे वैर शेजारच्या जोडीपेक्षा घड्याळाशी अधिक. सेकंदांचे हिशेब होतात आणि पुढे वर्षभर पारावर त्यांची उजळणी चालते. मधली काही वर्षे हे सारे बंद होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींनाही मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. तेव्हापासून पट उघडपणे भरू लागले.

अशाच एका पटात माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बैलाचा पाय मोडला आणि बैल गेला. बैलाचा विमा होता. तो नाकारला गेला. त्या शेतकऱ्याचे म्हणणे मी त्याच्याच शब्दांत देतो : "बैल माहा, हप्ता म्या भरला, कानातला बिल्ला त्यायचाच. मंग बैल वावरात मेला का पटात मेला, त्यायले काय करा लागते?"

जनावरांच्या पॉलिसीतही एक कलम असते. पॉलिसीत लिहिलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामाला कंपनीच्या लेखी संमतीवाचून जनावर लावले आणि त्यात ते दगावले, तर भरपाई नाही. याच्या बैलापुढे 'शेतीकाम' असे लिहिलेले होते. कायद्याच्या दृष्टीने मोटार आणि बैल या दोन प्रकरणांत तिळमात्र फरक नाही. माझ्या मनाला मात्र फरक वाटला, आणि तो का वाटला याचा शोध घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मोटारवाल्याची हौस गेली; शेतकऱ्याची अर्धी जोडी गेली. उरलेल्या एका बैलाने वखरणी होत नाही. ही करुणा खरी आहे, पण करुणा म्हणजे न्याय नव्हे. तेव्हा ती क्षणभर बाजूला ठेवून तत्त्व पाहू.

'त्याने धोका स्वखुशीने पत्करला, म्हणून त्याला भरपाई नको' हे तत्त्व प्रथम पुढे येते. ते आमच्याकडे टिकत नाही. आमच्या तालुक्यात कोरडवाहू कापूस पेरणारा प्रत्येक मनुष्य दर मृगात स्वखुशीनेच धोका पत्करतो. मृगाचे चार थेंब पडले की सरकी मातीत घालायची आणि आभाळाकडे पाहत बसायचे, याला येथे कोणीही सरळ जुगार म्हणते. तरी त्याच पिकाचा विमा सरकार स्वतःचे पैसे घालून उतरविते. लग्नासाठी रात्रीचा नागपूर-हैदराबाद महामार्ग धरणारा कोणाच्या सक्तीने जातो? पण त्याची गाडी ट्रकवर आदळली तर 'घरी का बसला नाहीस?' असे कंपनी म्हणत नाही. राजीखुशी हीच कसोटी मानली, तर विमा उतरविण्याजोगे फारसे काही उरणार नाही.

मग 'गरज आणि चैन' ही कसोटी लावावी काय? शेतीला विमा, हौसेला नाही? ऐकायला हे फार सात्त्विक वाटते आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. गरज कोणती आणि चैन कोणती हे ठरविण्याचा अधिकार विम्याच्या कारकुनाच्या हाती द्यावा, असे मला वाटत नाही. काशीयात्रा गरज की चैन? समुद्रस्नान? पटाला वर्षभर जोपासलेली जोडी घेऊन जाणाऱ्या माणसाला 'तुझी ही चैन आहे' असे ज्याने सांगायचे त्याने आधी आपल्या घरातला दूरदर्शन संच विकून यावे.

विमा हा शब्द फारसीतला. 'बीम' म्हणजे भय. भय वाटून घेण्याची कल्पना मात्र आपल्याकडे त्या शब्दाहून जुनी आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत व्याजाचे दर दिले आहेत. तारण असेल तर दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा. पण रानावनातून व्यापाराला जाणाऱ्याने दरमहा शेकडा दहा द्यावेत, आणि समुद्रावर जाणाऱ्याने वीस. हे जबर दर लोभापायी सांगितलेले नाहीत. तेथे मुद्दलच बुडण्याची धास्ती असते, असे कारण मिताक्षराकार विज्ञानेश्वराने दिले आहे. पुढे पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात जोखमी हुंडी चाले : माल बंदराला सुखरूप लागला तरच तिचे पैसे चुकवायचे, तारू बुडाले तर हुंडीही बुडाली. या लोकांनी समुद्रावर जाणाऱ्याला 'तू का जातोस?' असे विचारले नाही. 'तू समुद्रावर जाणार आहेस हे आधी सांग, आणि वीस मोज' एवढेच विचारले.

माझ्या मते प्रश्नाची गाठ येथे सुटते. विम्याची गंगाजळी कंपनीची म्हणून आपण तिच्याकडे परक्या धनासारखे पाहतो. वस्तुतः ती हप्ता भरणाऱ्या हजारो लोकांची वर्गणी असते. त्यातला शाळामास्तर आपली गाडी आठवड्यातून एकदा बाजाराला नेतो. त्याने वर्गणी भरली ती साधारण वापराच्या हिशेबाने. माझा विद्यार्थी तीच वर्गणी भरून गाडी तिच्या ताकदीच्या टोकापर्यंत नेतो, तेव्हा तो मास्तरच्या खिशात न सांगता हात घालतो. यात वेगाचा दोष नाही, आनंदाचा तर नाहीच नाही. दोष आहे तो न सांगण्याचा. विम्याच्या कायद्याने दोन्ही पक्षांकडून 'परम सद्भाव' मागितलेला आहे, तो यासाठीच. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या २००२ च्या दरपत्रकात रॅली आणि टिकाऊपणाच्या चाचण्यांसाठी जादा पैसे भरून घ्यायची स्वतंत्र पुरवणी आहे. म्हणजे दार अगदीच बंद नाही. ज्याने ते ठोठावले नाही त्याने रडू नये.

येथवर सारे नीट जुळते. पण या हिशेबात एक मनुष्य धरलेलाच नाही. तो दोरीपलीकडे उभा आहे.

शर्यतीतली गाडी उधळून प्रेक्षकांत शिरली तर? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने विमा कंपनीला तिऱ्हाईताच्या नुकसानीचे पैसे टाळण्याची जी थोडी कारणे दिली, त्यांत 'संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी' हे एक आहे. पूर्वी ते कलम १४९ मध्ये होते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १५० मध्ये गेले. शिवाय सक्तीचा विमा 'सार्वजनिक जागे'पुरता असतो, आणि बंदिस्त मार्ग ही सार्वजनिक जागा आहे का, यावर वकिलांना आणखी एक सुनावणी मिळते. मला हे पटत नाही. हाकणाऱ्याने अट मोडली, तर त्याच्या गाडीचे पैसे देऊ नका. पण ज्याने कागदावर सही केली नाही, ज्याला अट ठाऊक नाही, त्याचा हात तुटल्यावर दुसऱ्याच्या अटीकडे बोट दाखवायचे, हा कोणता न्याय? 'तो प्रेक्षकही मजेसाठीच आला होता' असे म्हणता येईल. राजीखुशीने पत्करलेल्या इजेची दाद नाही, हा कायद्यातला जुना नियम मला माहीत आहे. पण तो पाहायला राजी होता. चिरडला जायला राजी नव्हता. इतर अटभंगांत न्यायालये कित्येकदा 'आधी जखमी माणसाला द्या, मग अट मोडणाऱ्याकडून वसूल करा' असा आदेश देतात. शर्यतीलाही हाच मार्ग असावा, मग कलमात काहीही लिहिलेले असो.

हाकणाऱ्याच्या मागे राहिलेल्यांचे काय, हे मला अजून नीट उलगडलेले नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, स्वतःच्याच बेदरकार चालविण्याने मृत्यू पावलेल्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई नाकारली. तर्क बिनतोड आहे : स्वतःच्या चुकीची भरपाई स्वतःला मागता येत नाही, आणि वारसाचा हक्क मूळ माणसाच्या हक्काहून मोठा नसतो. तरी त्या घरातल्या पोरांनी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवलेला नव्हता.

आता पुन्हा बैलाकडे. मोटारीसाठी मी म्हटले, सांगा आणि जादा भरा. तेच बैलाला लावायला माझे मन धजत नाही. मोटारीचा पत्रा चेपला तर पत्र्याला दुखत नाही. बैल मात्र कोणत्याही पॉलिसीत बोलत नाही. सांगणारा मालक, भरणारा मालक, पैसे घेणारा मालक, आणि पाय बैलाचा. पटाच्या बैलाचा भरभक्कम विमा सहज मिळू लागला, तर थकलेल्या बैलाला तिसऱ्यांदा झेंडीपुढे उभे करताना मालकाचा हात आज जेवढा कचरतो तेवढा उद्या कचरणार नाही. पोळ्याला ज्याच्या पायांवर पाणी घालतो त्याच्या पायांची किंमत आधीच वसूल करून ठेवलेली असणे, हे मला बरे वाटत नाही. नुकसानीचे भय थोडेसे मालकाच्या अंगावरच राहिलेले बरे. बैलाला तेवढेच एक संरक्षण आहे.

मग त्या शेतकऱ्याने काय करावे? त्याला मी तसेच पाठवू शकलो नाही. विमा कंपनीकडे त्याचा हक्क नाही, हे त्याला समजावले. ज्यांनी पट भरविला, प्रवेशाची फी घेतली, दुकानांकडून पैसे घेतले, त्यांच्याकडे मात्र त्याचा नैतिक हक्क आहे असे मला वाटले. दर जोडीमागे थोडी रक्कम बाजूला काढावी, जखमी बैलाचा औषधोपचार आणि नंतरची त्याची वैरण त्यातून व्हावी, बैल गेला तर हंगामापुरती दुसऱ्याची जोडी भाड्याने घेण्याइतके पैसे शेतकऱ्याला मिळावेत. नव्या बैलाची पुरी किंमत मात्र मिळू नये. पटाच्या मंडळींपुढे मी हे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, गोष्ट बराबर हाय. पन पहिल्या बक्षिसातून कापा लागन, अन् बक्षीस कमी झालं तर जोड्या दुसऱ्या गावच्या पटाले जाईन."

ठराव पुढच्या बैठकीवर ठेवला आहे. त्या शेतकऱ्याने यंदा शेजाऱ्याशी सावड केली आहे : एक बैल याचा, एक त्याचा.