दगडाचं हृदय, मांसाचं हृदय

मिसरच्या फारोचं हृदय कठीण झालं, असं जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकात वारंवार सांगितलं आहे. आजचा वाचक त्याचा अर्थ सहज असा लावतो की राजा निर्दय होता, गुलामांचे हाल पाहून त्याला पाझर फुटत नव्हता. पण गोष्ट नीट वाचली तर फारोचा दोष निराळा दिसतो. अरिष्ट आलं की तो मोशेला बोलावतो, इस्राएली लोकांना जाऊ देण्याचं कबूल करतो आणि अरिष्ट टळलं की शब्द फिरवतो. समोर काय चाललं आहे हे त्याला पुरतं कळतं; कळतं पण वळत नाही. हे न वळणं जिथे घडतं त्या जागेला हिब्रू लेखक हृदय म्हणतात.

जुन्या करारातला माणूस विचारही हृदयानेच करतो. गिबोनला स्वप्नात देवाने ‘काय हवं ते माग’ म्हटल्यावर शलमोन राज्यकारभारासाठी ऐकणारं हृदय मागतो. त्याला हवी आहे न्यायाधीशाची समज. हळवेपणाचा तिथे संबंध नाही. बुद्धी डोक्यात आणि भावना छातीत अशी जी वाटणी आपण गृहीत धरून चालतो, ती त्या जगात नव्हती. विचार, आठवण, इच्छा, निश्चय हे सगळं एकाच ठिकाणी घडायचं, आणि ते ठिकाण बिघडलं तर अख्खा माणूस बिघडायचा.

बिघडायचं ते मात्र हमखास. यिर्मया संदेष्ट्याच्या मते हृदयाइतकं कपटी दुसरं काही नाही. येशूही मार्कच्या शुभवर्तमानात हेच सांगतो: बाहेरून पोटात जाणारं अन्न माणसाला विटाळत नाही, खून, चोरी, व्यभिचार, मत्सर हे सगळं आतून, हृदयातून निघतं. ‘मनाचं ऐक, ते कधी खोटं बोलत नाही’ हा सल्ला आपल्याकडे हिंदी सिनेमापासून करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांपर्यंत सगळीकडे मिळतो. तो यिर्मयाच्या कानावर गेला असता तर तो रडला असता. तसाही तो रडण्यासाठीच प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती साधनेचा मोठा भाग या अविश्वासातून जन्मला आहे, आणि हृदयाचा धर्म म्हणजे प्रेमळ भावनांचा धर्म ही समजूत त्यामुळेच मला वरवरची वाटते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहायला गेलेल्या संन्याशांनी या अविश्वासाचं शास्त्र केलं. त्यांच्यातला इव्हाग्रिअस कॉन्स्टँटिनोपलमधला सुशिक्षित, नावाजलेला धर्मपंडित. एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतल्यावर तो राजधानी सोडून पळाला, आधी जेरुसलेमला आणि मग थेट वाळवंटात. 399 साली वारला तोही तिथेच. हृदयाच्या दाराशी राखण करायची आणि आत शिरू पाहणाऱ्या प्रत्येक विचाराला ‘तू आमचा की शत्रूचा?’ असं विचारायचं, ही त्याची शिकवण. त्याने आठ दुष्ट विचार मोजले. त्यातला भर दुपारी येणारा एक फार ओळखीचा आहे: सूर्य जागचा हलत नाहीसं वाटतं, संन्यासी सारखा खिडकीबाहेर डोकावतो, कोणी भेटायला येतंय का बघतो, आणि इथल्यापेक्षा दुसरीकडे साधना बरी होईल असं त्याला पटू लागतं. कामाच्या टेबलाशी बसून दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडणाऱ्याला याचं आणखी स्पष्टीकरण नको.

पण नुसत्या राखणीने हृदय बदलत नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात देव लोकांना वचन देतो, की तुमच्यातलं दगडाचं हृदय काढून मी तिथे मांसाचं बसवीन. दगडाच्या जागी सोनं किंवा प्रकाश असं काही उदात्त न येता मांस येतं, जे दुखतं आणि कुजूही शकतं. धर्मातल्या विद्वानांना पुढची अनेक शतकं हेच मांस अडचणीचं झालं. याच कारणावरून झालेली दोन भांडणं मुद्दाम सांगण्यासारखी आहेत.

पहिलं चौदाव्या शतकातलं. उत्तर ग्रीसमध्ये समुद्रात घुसलेल्या अ‍ॅथोस पर्वतावरचे संन्यासी एक खास प्रार्थना करायचे. मान खाली घालून बसायचं, श्वास आवरायचा, लक्ष छातीकडे वळवायचं आणि येशूचं नाव घेत दयेची याचना करणारं एक छोटं वाक्य म्हणत राहायचं. बुद्धी अशी हळूहळू हृदयात उतरते, असं ते मानत. दक्षिण इटलीतल्या कॅलाब्रियाहून आलेला बारलाम हा गणित आणि खगोलशास्त्राचा जाणकार. त्याला हा प्रकार हास्यास्पद वाटला. देव बुद्धीच्याही पलीकडचा, आणि हे लोक त्याला फासळ्यांच्या आत शोधतात! त्याने त्यांना बेंबीत आत्मा असलेले म्हणून हिणवलं.

उत्तर दिलं ग्रेगरी पालामास या अ‍ॅथोसवरच्याच संन्याशाने. शरीर मुळात वाईट नाही. प्रेषित पौलाने त्याला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलं आहे. इंद्रियांच्या मागे बाहेर भटकणारी बुद्धी घरी आणायची, तर तिचं घर हृदयातच आहे. आणि देव स्वतः देह धारण करून आला असेल, तर प्रार्थनेतून देह वगळायचा अधिकार कोणाला? 1341 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने पालामासचा पक्ष उचलून धरला. बारलाम इटलीला परतला, कॅथलिक झाला, पुढे बिशपही झाला. वारकरी वाचकाला इथे नामस्मरण आठवेल, तुकोबांचं स्वतःला पतित म्हणवणंही आठवेल. साम्य खरंच आहे, पण त्यात अडकून पडलो तर मूळ भांडण हातचं निसटेल. ते नामाविषयी नव्हतं, देहाविषयी होतं. या परंपरेतल्या लेखनाचा ‘फिलोकालिया’ हा संग्रह 1782 साली व्हेनिसमध्ये छापला गेला आणि भाषांतरांतून रशियाभर पसरला.

दुसऱ्या भांडणाकडे जाण्याआधी ब्लेझ पास्कालकडे वळायला हवं, कारण ‘हृदयाची आपली कारणं असतात, ती बुद्धीला ठाऊक नसतात’ हे त्याचं जे वाक्य जगभर भेटकार्डांवर छापलं जातं त्याचा अर्थ हमखास उलटा लावतात. पास्काल हा हिशेबाचं यंत्र बनवणारा, हवेच्या दाबावर प्रयोग करणारा माणूस. 1654 च्या उन्हाळ्यात गणितज्ञ फर्माशी पत्रव्यवहार करून त्याने संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला, आणि त्याच वर्षी 23 नोव्हेंबरच्या रात्री सुमारे दोन तास त्याला देवाचा असा काही अनुभव आला की त्याचं टिपण तो मरेपर्यंत कोटाच्या अस्तरात शिवून वागवत होता. त्याच्या मृत्यूनंतर ते एका नोकराला सापडलं. हा पास्काल सांगतो की अवकाशाला तीन मिती आहेत, संख्यांना अंत नाही, हे आपल्याला हृदयाने कळतं. तर्क त्यावर इमारत चढवतो, पण पाया त्याला सिद्ध करता येत नाही. भूमितीच्या मूळ गृहीतकांसाठीही हृदय लागतं असं म्हणणारा माणूस प्रेमात वाहून गेलेला नाही. बुद्धी कुठून सुरू होते, एवढंच तो दाखवतो आहे.

पास्काल पोर्ट-रॉयल मठाच्या कडक जान्सेनिस्ट गोटातला, म्हणजे माणसाच्या पापी स्वभावावर भर देणाऱ्या कॅथलिकांतला. गंमत अशी, की पुढच्या शतकात येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीला सर्वात तिखट विरोध केला तो जान्सेनिस्टांनीच. हेच ते दुसरं भांडण. पूर्व फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियाल गावी मार्गारेट मेरी अलाकोक या जोगिणीला 1673 पासून येशूने आपलं जळतं हृदय दाखवल्याचे साक्षात्कार झाले आणि तिथून ही भक्ती पसरली. हा मांसाच्या तुकड्याची पूजा करणारा पंथ आहे अशी टीका झाली. 1786 च्या इटलीतल्या पिस्तोयाच्या धर्मसभेनेही या भक्तीवर बोट ठेवलं. रोमचं उत्तर पालामासच्या उत्तराजवळ जाणारं होतं: हे हृदय येशूपासून वेगळं काढून कोणी पूजत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसावरच्या येशूच्या कुशीत शिपाई भाला खुपसतो आणि रक्त व पाणी वाहतं. भक्तीची खूण ही जखम आहे. 1856 साली पोप नववे पायस यांनी पवित्र हृदयाचा सण सगळ्या कॅथलिक चर्चला लागू केला.

या भक्तीत दोष नव्हते असं मी म्हणणार नाही. फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्धच्या 1793 च्या वांदे बंडात राजेशाहीवाद्यांनी हेच हृदय छातीवर बिल्ल्यासारखं लावलं, आणि पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरचं, याच हृदयाला वाहिलेलं पांढरं साक्रे-कर चर्च बऱ्याच फ्रेंच प्रजासत्ताकवाद्यांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं सलत राहिलं. चित्रंही पुष्कळदा गुळगुळीत असतात. वसईत आणि गोव्यात कॅथलिक घरांच्या बैठकीत लावलेली तसबीर बहुतेकांनी पाहिली असेल: गोरा, लालसर ओठांचा येशू, छातीवर काट्यांनी वेढलेलं, ज्वाळा निघणारं हृदय. कला म्हणून तिच्याविषयी न बोललेलंच बरं. पण जळणारं आणि जखमी हृदय उघड्यावर, घरच्यांच्या रोजच्या नजरेसमोर ठेवायचं ही कल्पना गुळगुळीत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या विषयावर एक दीर्घ परिपत्रक काढलं. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख येतो आणि घरी आई-आजीबरोबर काट्याने करंजीसारख्या पदार्थाच्या कडा दाबून बंद केल्याच्या आठवणीचाही. अशा गोष्टी कुठल्याही अल्गोरिदमच्या हाती लागत नाहीत, असं ते म्हणतात. मला त्याहून मोलाचा वाटतो त्यांचा दुसरा आग्रह: ख्रिस्ताच्या हृदयाची भक्ती शेजाऱ्यापर्यंत पोहोचली नाही तर ती अपुरी. अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्स या प्रोटेस्टंट उपदेशकानेही 1746 सालच्या ग्रंथात हीच कसोटी सर्वांत वर ठेवली होती. त्याच्या प्रवचनांनी लोक ढसाढसा रडत, आणि त्या रडण्यावर त्याचाच पुरता भरवसा नव्हता. बदल खरा की खोटा, हे माणसाच्या आचरणावरून ठरवावं, असं तो म्हणे.

ही कसोटी लावून पाहण्यासारखं आयुष्य मराठीत आहे, पंडिता रमाबाईंचं. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या तिथल्या धर्मभगिनींशी सिद्धांतांवर पत्रांतून निर्भीड वाद घालत राहिल्या. पुढे साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केलं, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. संस्कृत शास्त्रं कोळून प्यालेल्या, वादात कोणाला हार न जाणाऱ्या बाईंनी हे लिहिलं आहे. कळणं आणि वळणं यांतलं हे अंतर त्यांनी जितक्या सरळपणे मोजलं तितकं आपल्याकडे फार थोड्यांनी मोजलं असेल. त्यानंतर 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने आणि दलालांच्या हाती लागून उद्ध्वस्त होणाऱ्या मुली-बायकांना घेऊन आल्या आणि पुण्याजवळ केडगावला त्यांना घर दिलं. ते मुक्ती मिशन आजही तिथे चालू आहे.